न्युमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस

न्युमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस हे इंग्रजी भाषेतील एक दीर्घ सामासिक नाम आहे. रोमन लिपीत ते ४५ वर्णांनी लिहिले जाते आणि त्याच्या उच्चारात १९ अक्षरे येतात. इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांत नोंदलेल्या शब्दांमध्ये सर्वांत लांब शब्द म्हणून तो सांगितला जातो. सिलिकायुक्त ज्वालामुखीय धुळीचे अतिसूक्ष्म कण श्वासावाटे आत गेल्याने होणारा फुप्फुसांचा विकार, असा त्याचा अर्थ शब्दकोशांत दिलेला असतो. तथापि हा शब्द वैद्यकाच्या गरजेतून निर्माण झालेला नाही. तो कोडी रचणाऱ्यांच्या वर्तुळात, लांबीच्याच हेतूने घडवला गेला. भाषेच्या अभ्यासकाला तो महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणाने. इंग्रजी शब्दाची अक्षरे, त्यातील आघात आणि त्याचे अर्थवाहक घटक या तिन्हींच्या सीमा कोठे जुळतात व कोठे जुळत नाहीत, हे या एका शब्दात स्पष्ट पाहता येते.

परिभाषेविषयी

मराठीत 'अक्षर' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. 'इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरे आहेत' या वाक्यात अक्षर म्हणजे लिपीतील चिन्ह. छंदशास्त्रात मात्र अक्षर म्हणजे एका स्वराच्या आधाराने एका दमात उच्चारला जाणारा ध्वनिगट. या दुहेरी वापरामुळे विद्यार्थ्यांचा पुष्कळ गोंधळ होतो. प्रस्तुत लेखात रोमन चिन्हांना 'वर्ण' म्हटले असून 'अक्षर' ही संज्ञा केवळ उच्चारातील ध्वनिगटासाठी राखून ठेवली आहे. एखादे अक्षर शेजारच्या अक्षरांपेक्षा अधिक जोराने, अधिक लांबवून आणि बहुधा अधिक चढ्या स्वरात उच्चारले जाते, त्यास 'आघात' म्हटले आहे. शब्दाच्या अर्थवाहक तुकड्यांना 'घटक' म्हटले आहे. भाषाविज्ञानात त्यांना रूपिका असेही म्हणतात.

उगम

२३ फेब्रुवारी १९३५ रोजी न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून या वृत्तपत्रात नॅशनल पझलर्स लीग या अमेरिकी कोडेप्रेमी संघटनेच्या अधिवेशनाचे वृत्त आले. इंग्रजीतील सर्वांत लांब शब्द म्हणून या शब्दाला संघटनेने मान्यता दिल्याचे त्यात म्हटले होते. शब्दाच्या निर्मितीचे श्रेय संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष एव्हरेट एम. स्मिथ यांना दिले जाते. पुढे फ्रँक स्कली यांच्या 'बेडसाइड मॅना' या पुस्तकात तो आला आणि १९३९ साली मेरियम-वेबस्टरच्या न्यू इंटरनॅशनल शब्दकोशात त्याला स्थान मिळाले. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने त्याची नोंद घेतली असली, तरी तो कृत्रिम असून मुख्यतः लांब शब्दाचे उदाहरण म्हणूनच वापरला जातो, असा शेराही दिला आहे. शेवटच्या घटकातील 'क' ध्वनी काही ठिकाणी 'सी' या वर्णाने, तर काही ठिकाणी 'के' या वर्णाने लिहितात. त्याने वर्णसंख्येत फरक पडत नाही.

या घडणीमागचा कारागिरीचा भाग लक्षात घेण्याजोगा आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिश आल्बेर्ट फॉन त्सेंकर यांनी १८६० च्या दशकात धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांना 'न्युमोनोकोनिओसिस' असे नाव दिले होते. तेच पुढे आखूड होऊन 'न्युमोकोनिओसिस' या रूपात वैद्यकात रूढ झाले. दीर्घ शब्दाचा आरंभ आणि शेवट पाहिल्यास हेच जुने नाव दोन टोकांना उभे असलेले दिसते. कोडेकारांनी ते मध्ये फोडून त्यात चार पदे कोंबली, एवढेच. मराठी व्याकरणात 'पुरणपोळी' किंवा 'कांदेपोहे' यांसारख्या शब्दांतून मधले पद गळते, म्हणून त्यांस मध्यमपदलोपी समास म्हणतात. येथे नेमका उलटा प्रकार घडला आहे. मध्यमपदे गळण्याऐवजी वाढवत नेली आहेत.

घटक

पहिला घटक 'न्युमोनो' हा फुप्फुस या अर्थाच्या ग्रीक 'प्नेउमोन' या शब्दापासून आला आहे. न्युमोनिया या सर्वपरिचित रोगनामाचे मूळही तेच. रोमन लेखनात त्याच्या आरंभी 'पी' हा वर्ण असतो, परंतु इंग्रजीत तो उच्चारला जात नाही, कारण शब्दारंभी 'प्न' हा जोड इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेला मानवत नाही. जर्मन व फ्रेंच भाषक मात्र हा 'प' अजूनही उच्चारतात. 'सायकॉलॉजी' या शब्दाच्या आरंभीचा 'पी' इंग्रजीत मुका झाला, त्याचेही कारण हेच.

दुसरा घटक 'अल्ट्रा' लॅटिन असून त्याचा अर्थ 'पलीकडचा'. त्यानंतरचा 'मायक्रोस्कोपिक' हा तीन तुकड्यांचा आहे: लहान या अर्थाचा ग्रीक 'मिक्रोस', पाहणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आलेला 'स्कोप' आणि विशेषण बनवणारा 'इक' प्रत्यय. 'सिलिको' हा लॅटिन 'सिलेक्स' म्हणजे गारगोटी या शब्दावरून आलेला आहे. 'व्होल्केनो' इटालियनमधून आला आणि त्याच्या मुळाशी रोमन अग्निदेव वल्कन याचे नाव आहे. शेवटी धूळ या अर्थाच्या ग्रीक 'कोनिस' पासूनचा 'कोनि' आणि स्थिती अथवा विकार दर्शवणारा 'ओसिस' हा प्रत्यय येतो.

अशा रीतीने ग्रीक, लॅटिन व इटालियन अशी तिन्हीकडची सामग्री एका शब्दात आली आहे. शुद्धतेचा आग्रह धरणारे विद्वान अशा मिश्र शब्दांना नाके मुरडतात. पण 'टेलिव्हिजन' हा शब्दही अर्धा ग्रीक व अर्धा लॅटिन आहे आणि मराठीतही 'रेल्वेस्थानक', 'तिकीटघर' हे शब्द कोणाला खटकत नाहीत.

खटकण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. ग्रीक-लॅटिन धाटणीच्या समासांत पदे जोडण्यासाठी 'ओ' हा स्वर वापरण्याचा प्रघात आहे. 'न्युमोन' आणि 'सिलिक' यांना जोडलेला 'ओ' हा असा जोडस्वर होय. त्याला स्वतःचा अर्थ नाही. 'व्होल्केनो' मधील अंत्य 'ओ' मात्र जोडस्वर नसून मूळ नामाचाच भाग आहे. दोन्ही ठिकाणी कानाला व डोळ्याला तो सारखाच भासतो, म्हणून ही वीण सहज लक्षात येत नाही. 'मायक्रोस्कोपिक' च्या बाबतीत तर ती उघड उसवते. प्रत्यय लागून पूर्ण झालेले विशेषण जोडस्वराशिवाय समासाच्या पोटात तसेच बसवणे हे या धाटणीच्या रूढ रचनेला धरून नाही. शब्द वैद्यांनी नव्हे तर हौशी लोकांनी घडवला, याची साक्ष त्याच्या अंगावरच आहे.

विग्रह

समासातील प्रधान पद शेवटचे, म्हणजे 'कोनिओसिस' हे आहे. आधीची सर्व पदे त्याला मर्यादा घालत जातात. या दृष्टीने रचना आपल्या तत्पुरुष समासाच्या जवळची आहे. मराठीत विग्रह करावयाचा तर 'सूक्ष्मदर्शकाच्याही टप्प्यापलीकडील, सिलिकामय, ज्वालामुखीय धुळीमुळे झालेला फुप्फुसविकार' असा करता येईल. येथे एक गोष्ट ध्यानात येते: 'न्युमोनो' हे पद शब्दात सर्वांत दूर असूनही अर्थाने थेट शेवटच्या पदाला चिकटते, तर मधली पदे धुळीचे वर्णन करतात. पदांचा क्रम आणि अर्थाचा क्रम सरळ रेषेत नाहीत, आणि म्हणूनच केवळ डावीकडून उजवीकडे अर्थ लावत गेल्यास वाचक अडतो. उजवीकडून आरंभ केल्यास शब्द भराभर उलगडतो.

लांब शब्द म्हणून ज्यांची नावे नेहमी घेतली जातात, त्यांतील सगळेच सामासिक नसतात. २८ वर्णांचा 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम' हा एकाच 'एस्टॅब्लिश' या क्रियापदाला पुढून व मागून उपसर्ग-प्रत्यय लावून साधला आहे. तो साधित शब्द होय. मराठीतील 'अ-व्यवहार-इक-ता' या घडणीशी त्याचे नाते आहे. प्रस्तुत शब्दात स्वतंत्र अर्थाची अनेक मुळे एकत्र आली असल्याने त्याला समास म्हणावे लागते.

अक्षररचना

ब्रिटिश उच्चारानुसार शब्दाची अक्षरे पुढीलप्रमाणे पडतात: न्यू-म-नो-अल्-ट्र-माय्-क्र-स्कॉ-पिक्-सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-ओ-सिस्. अमेरिकी उच्चारात पहिले अक्षर बहुधा 'नू' असे होते. या मांडणीतील 'म', 'ट्र' आणि 'क्र' यांतील स्वर हा मराठी 'अ' पेक्षाही पुसट असतो. त्याला उदासीन स्वर म्हणतात.

देवनागरीत हाच शब्द लिहिल्यास शीर्षकातील लेखनाप्रमाणे २२ लेखनाक्षरे होतात. वाढलेली तीन म्हणजे 'मायक्रो' मधील य, 'पिक' मधील क आणि शेवटचा स. या तिन्हींवर लेखनात अकार असला तरी उच्चारात तो नाही, त्यामुळे त्यांची स्वतंत्र अक्षरे होत नाहीत. मराठी वाचकाला ही गोष्ट परकी नाही. 'घर' हा शब्द आपण दोन अक्षरांत लिहितो पण बोलताना एकाच अक्षरात उच्चारतो. छंदात मात्र त्याची दोन अक्षरे मोजतात.

अक्षरांच्या आणि घटकांच्या सीमा एकच असाव्यात अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. ती येथे वारंवार फोल ठरते. 'न्युमोन' मधील शेवटचा 'न' घटकाच्या दृष्टीने पहिल्या मुळाचा आहे, परंतु उच्चारात तो जोडस्वराला जाऊन मिळतो आणि 'नो' हे अक्षर बनते. 'सिलिक' मधील 'क' याच प्रकारे 'को' मध्ये जातो. 'स्कोप' मधील 'प' हा प्रत्ययाच्या 'इक' शी जोडला जाऊन 'पिक्' हे अक्षर तयार होते. स्वराच्या मागे येणारे एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे सरकते, हा येथील सामान्य नियम. मराठी 'घरात' या शब्दातही घटक 'घर' आणि 'आत' असे आहेत, पण अक्षरे 'घ' आणि 'रात्' अशी पडतात. 'र' मुळाचा असूनही प्रत्ययाच्या पदरात पडतो. दोन स्वर समोरासमोर येतात तेथे ('नो-अल्', 'नि-ओ') संस्कृतच्या सवयीने आपण संधीची वाट पाहतो, पण इंग्रजी दोन्ही स्वर वेगळे ठेवते.

लेखन आणि उच्चार यांतील अंतर पाहण्यासाठी केवळ 'ओ' या वर्णाचा मागोवा घेतला तरी पुरे. शब्दात तो ९ वेळा येतो. त्यांपैकी 'म' व 'क्र' या अक्षरांत तो उदासीन स्वर आहे, 'स्कॉ' व 'व्हॉल्' मध्ये तो आखूड 'ऑ' आहे आणि उरलेल्या पाच ठिकाणी तो 'ओ' आहे. एकाच चिन्हाचे हे तीन उच्चार कसे ठरतात, याचे उत्तर बव्हंशी आघातात सापडते.

आघात

शब्दातील १९ अक्षरांपैकी ८ अक्षरांवर कमीअधिक आघात पडतो: न्यू, अल्, माय्, स्कॉ, सि, के, को आणि ओ. अनुक्रमाने पाहता ही १, ४, ६, ८, १०, १४, १६ व १८ वी अक्षरे होत. यांपैकी शेवटून दुसरे अक्षर 'ओ' हे प्रधान आघाताचे स्थान आहे. बाकीचे आघात गौण. बहुतेक ठिकाणी एक आघातयुक्त आणि एक निराघात अक्षर असा हेलकावा आहे. केवळ दोन ठिकाणी तो मोडतो: 'न्यू' नंतर दोन, आणि 'सि' नंतर तीन अक्षरे निराघात जातात. वाचणाऱ्याची जीभ अडखळते ती बहुधा या दुसऱ्या ठिकाणी, 'लि-को-व्हॉल्' या तिहेरी उतारावर.

आघातांची स्थाने मनमानी नाहीत. 'मायक्रोस्कोप' हे नाम उच्चारताना मुख्य जोर 'माय्' वर असतो, पण 'इक' प्रत्यय लागताच तो 'स्कॉ' वर सरकतो, कारण हा प्रत्यय सामान्यतः आपल्या लगत आधीच्या अक्षरावर आघात ओढून घेतो. 'व्हॉल्केनो' मध्ये 'के' वर आघात आहे, तर 'व्हॉल्कॅनिक' मध्ये आघात त्याच जागी राहूनही स्वर बदलतो. 'ओसिस' प्रत्यय मात्र आघात स्वतःच्याच पहिल्या अक्षरावर घेतो. 'सिलिका' चा उच्चार 'सि' वर जोर देऊन होतो, 'सिलिकोसिस' चा 'को' वर. ट्युबरक्युलोसिस, थ्रॉम्बोसिस, सिरोसिस ही नावे याच नियमाने चालतात. 'मेटामॉर्फोसिस' हा प्रसिद्ध अपवाद. त्यात परंपरेने 'मॉर्' वर जोर असतो.

इंग्रजीतील साध्या सामासिक नामांचा नियम याहून वेगळा आहे. 'ब्लॅकबोर्ड' म्हणजे शाळेतील फळा, त्यात पहिल्या पदावर जोर असतो. 'ब्लॅक बोर्ड' म्हणजे कोणतीही काळी फळी, त्यात जोर दुसऱ्या पदाकडे जातो. केवळ आघाताने समास आणि शब्दसमूह यांतील भेद कळतो. आपल्या दीर्घ शब्दाला हा पहिल्या पदाचा नियम लागू होत नाही, कारण तो इंग्रजी धाटणीचा नसून ग्रीक-लॅटिन धाटणीचा समास आहे आणि तेथे अंत्य प्रत्ययाचे राज्य चालते.

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही; ह्रस्व-दीर्घाने मात्र बदलतो, जसे 'दिन' आणि 'दीन'. त्यामुळे मराठी भाषक इंग्रजी शब्द उच्चारताना प्रत्येक अक्षराला सारखे माप देतो. असा उच्चार सुबोध असतो, पण इंग्रजी भाषकाचा कान आघातांच्या खुणांवर शब्द ओळखत असल्याने लांब शब्दात त्याची वाट चुकते. शब्द पाठ करताना वर सांगितलेली आठ अक्षरे ठळक धरून उरलेली अकरा हलकी सोडली, तर काम निम्म्याने सोपे होते.

छंदाच्या अभ्यासकास येथे एक गमतीदार योगायोग आढळेल. मंगलाष्टकांमुळे घरोघरी परिचित असलेल्या शार्दूलविक्रीडित वृत्ताच्या एका चरणात बरोबर १९ अक्षरे असतात आणि १२ व्या अक्षरावर यती असते. या शब्दातही १२ वे अक्षर 'सिलिको' या पदाचा शेवट आहे. म्हणजे यतीभंग न होता 'न्युमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिको' आणि 'व्होल्केनोकोनिओसिस' असे दोन भाग पडतात. साम्य मात्र येथेच संपते. वृत्तातील पहिला गण मगण, म्हणजे तीन गुरू. आणि आपल्या शब्दातील दुसरेच अक्षर लघू आहे. शिवाय अक्षरगणवृत्तात लघुगुरूंचा क्रम मोजतात, इंग्रजी पद्यात आघातांचा. तरीही लांब शब्दाचा श्वास कोठे घ्यावा, हे या यतीने सोयीस्करपणे कळते.

वैद्यकीय वास्तव

शब्द जरी कोड्यासाठी रचलेला असला, तरी त्याच्या मागचा विकार खरा आहे. वैद्यकात त्याला 'सिलिकोसिस' म्हणतात. स्फटिकरूप सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जात राहिल्यास फुप्फुसांत गाठी व व्रणतंतू निर्माण होतात, दम लागतो आणि क्षयरोगाचा धोका वाढतो. झालेली हानी भरून काढणारा उपचार उपलब्ध नाही. धूळ टाळणे हाच उपाय. ज्वालामुखीच्या राखेतही क्रिस्टोबलाइट या रूपात स्फटिकरूप सिलिका असू शकते, म्हणून १९८० च्या माउंट सेंट हेलेन्स उद्रेकानंतर राखेच्या परिणामांचा अभ्यास झाला. पण जगभर हा विकार प्रामुख्याने ज्वालामुखीजवळ राहणाऱ्यांना नव्हे, तर दगडखाणी, खडी केंद्रे, खाणकाम, काच व ओतकाम यांत राबणाऱ्यांना होतो. 'अल्ट्रामायक्रोस्कोपिक' हे विशेषणही वैद्यकाच्या कसोटीवर टिकत नाही. फुप्फुसाच्या खोल भागात जाणारे कण साधारणतः ४ ते ५ मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात, तर साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे ०.२ मायक्रोमीटर आहे. यातील बरेचसे कण म्हणजे सूक्ष्मदर्शकाला दिसणारेच.

भारतात गुजरातमधील खंभात येथील अकीक घासणारे कारागीर आणि मध्य प्रदेशातील मंदसौर येथील पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार यांच्यात सिलिकोसिस मोठ्या प्रमाणावर आढळल्याचे अभ्यासांतून पुढे आले. ज्या पेन्सिलीने शाळकरी मुले अक्षरे गिरवत आली, ती कापताना उडणारी धूळ त्या कामगारांच्या छातीत साचत होती. ४५ वर्णांचा शब्द पाठ म्हणून दाखवणाऱ्याला याची कल्पना क्वचितच असते. त्याच 'ओसिस' प्रत्ययाचा 'बिसिनोसिस' हा कापसाच्या धुळीने होणारा विकार मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांमध्ये आढळला होता. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत हे दोन्ही विकार अधिसूचनीय रोग म्हणून समाविष्ट होते. असा रुग्ण आढळल्यास तपासणाऱ्या डॉक्टरने कारखाने मुख्य निरीक्षकांना लेखी कळवणे त्या अधिनियमानुसार बंधनकारक होते, आणि त्या अहवालात चार अक्षरांचे 'सिलिकोसिस' हेच नाव लिहिले जात असे.